शून्य नंबरची गाडी आणि सहाच गाड्यांची शर्यत

टीव्हीवर पहिल्यांदा पाहिलेली मोटार शर्यत आणि तेव्हापासून डोक्यात राहिलेली एखादी शंका कळवा, असं या सदरातून विचारलं होतं. पत्रं भरपूर आली. बहुतेकांचा रोख फॉर्म्युला वनवर आहे, आणि ते साहजिकच आहे. नव्वदच्या दशकात घरोघरी केबल पोचली तेव्हा रविवारी संध्याकाळी खेळांच्या वाहिनीवर तीच दिसायची. सारख्या शंका एकत्र करून उत्तरं देत आहोत.

१९९३-९४ च्या सुमाराला केबलवर एक गाडी पाहिली होती, तिच्या नाकावर चक्क ० होता. घरात कोणी विश्वास ठेवत नाही. असा नंबर असतो का? (सांगली)

असतो, आणि घरच्यांना खुशाल सांगा की ती डेमन हिलची, विल्यम्स संघाची गाडी होती. त्या काळी नंबर चालकाचे नव्हते, संघाचे होते. आदल्या वर्षीचा जगज्जेता ज्या संघात असेल त्याला १ आणि २ मिळत, बाकीचे संघ आपापले जुने नंबर चालवत. १९९२ चा विजेता नायजेल मॅन्सेल विल्यम्स सोडून अमेरिकेतल्या शर्यतींकडे गेला. आता १ नंबर लावायचा हक्क असलेला माणूसच मैदानात नाही, म्हणून १९९३ साली विल्यम्सला ० आणि २ दिले गेले. अलां प्रोस्टने २ घेतला, हिलच्या वाट्याला शून्य आलं. त्या वर्षी प्रोस्ट जिंकला आणि निवृत्त झाला. त्यामुळे १९९४ मध्ये पुन्हा तोच घोळ: हिल ०, आणि २ नंबरवर आयर्टन सेना.

तुम्ही नेमकं कोणतं वर्ष पाहिलंत ते रंगावरून ठरेल. गाडी निळी-पांढरी आणि नाक पिवळं असेल तर १९९३. पिवळा अजिबात नाही, गडद निळा आणि पांढरा, मध्ये सोनेरी रेघा, तर १९९४.

याच संदर्भात अनेकांनी २७ नंबरबद्दल लिहिलं आहे. १९८१ पासून १९९५ पर्यंत २७ आणि २८ म्हणजे फेरारी हे समीकरण बहुतांशी बरोबर, पण १९९० मध्ये फसतं. त्या वर्षी जगज्जेता प्रोस्ट मॅक्लारेनमधून फेरारीत गेला, १ नंबर सोबत घेऊन गेला आणि मॅक्लारेनकडे २७-२८ आले. म्हणजे १९९० मध्ये २७ नंबर पाहिल्याचं आठवत असेल आणि गाडी लाल-पांढरी असेल तर ती सेनाची. १९९६ मध्ये ही पद्धत बंद झाली. २०१४ पासून प्रत्येक चालक स्वतःचा नंबर निवडतो. विजेत्याला हवं असल्यास १ लावता येतो.

जून २००५, रात्री उशिरा अमेरिकेतली शर्यत लावली तर ट्रॅकवर सहाच गाड्या. आम्ही केबलवाल्यावर खापर फोडलं. खरं काय झालं होतं? (नाशिक)

केबलवाला निर्दोष आहे. १९ जून २००५, इंडियानापोलिस. शर्यत सुटण्याआधी रांगेत येण्यासाठी मारतात त्या फेरीला वीसच्या वीस गाड्या निघाल्या होत्या. त्या फेरीच्या शेवटी मिशेलिन कंपनीचे टायर लावलेल्या चौदा गाड्या सरळ पिटमध्ये, म्हणजे टायर बदलायच्या गल्लीत, वळल्या आणि शर्यत सहा गाड्यांत झाली.

कारण टायर. इंडियानापोलिसचं शेवटचं १३ नंबरचं वळण म्हणजे तिथल्या जुन्या लंबगोल ट्रॅकचा एका बाजूला कललेला भाग. फॉर्म्युला वनच्या इतर वळणांवर भार मुख्यतः आडवा येतो. कललेल्या वळणावर गाडी खालीही दाबली जाते, तीही पूर्ण वेगात, सलग काही सेकंद. शुक्रवारी तिथे राल्फ शूमाकरच्या टोयोटाचा मागचा डावा टायर गेला आणि गाडी भिंतीवर आदळली. मिशेलिनने तपासलं तेव्हा टायरची बाजूची भिंतच हा भार पेलत नाही असं दिसलं. त्यात २००५ चा नियम असा होता की सुरुवातीचा क्रम ठरवणारी पात्रता फेरी आणि पूर्ण शर्यत एकाच टायरसंचावर काढायची. बदलायची सोय नाही, त्यामुळे काही फेऱ्यांनंतर टायर उतरवून निभावून नेणंही शक्य नव्हतं. वळणाआधी वेग मोडणारी वाकडी वाट घाला, अशी मिशेलिनच्या संघांची मागणी होती. नियामक संस्थेने ती फेटाळली.

दुसऱ्या टायर कंपनीला, ब्रिजस्टोनला, अडचण आली नाही, कारण त्यांच्याच फायरस्टोनचे टायर त्याच ट्रॅकवर इंडी ५०० शर्यतीत धावत होते आणि नव्याने खरवडलेल्या पृष्ठभागाचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. ब्रिजस्टोनवर तीनच संघ होते: फेरारी, जॉर्डन, मिनार्डी. उरले ते हेच सहा. मिशाएल शूमाकर पहिला, बारिकेलो दुसरा, मोंतेरो तिसरा आणि चौथा नारायण कार्तिकेयन. चौथ्या क्रमांकाचे तेव्हा ५ गुण होते. फॉर्म्युला वनमध्ये भारतीय चालकाला मिळालेले ते पहिले गुण. अर्ध्या भारताने ते बघितलेच नाहीत, कारण सहा गाड्या बघून लोकांनी टीव्ही बंद केला होता.

लहानपणी शर्यत साडेपाचला सुरू व्हायची, आता साडेसहाला. घड्याळ कुणी बदललं? (नागपूर)

आयोजकांनी. युरोपातल्या शर्यती पूर्वी तिथल्या दुपारी २ वाजता सुटायच्या. उन्हाळ्यात त्यांचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, म्हणजे आपले साडेपाच. २०१८ पासून सुरुवात तासाभराने पुढे ढकलली. आधी ३ वाजून १० मिनिटं होती, मग बरोबर ३ झाली, म्हणून साडेसहा. इंग्लंडची शर्यत वेगळी. तिथलं घड्याळ आणखी तासभर मागे, पण पूर्वी ती स्थानिक १ वाजता ठेवत म्हणून तीही आपल्याकडे साडेपाचलाच पडायची.

माळ्यावर १९९६ ते २००२ च्या शर्यतींच्या बावीस व्हीएचएस कॅसेट सापडल्या. व्हीसीआरही आहे, चालू होतो. संगणकावर उतरवून घ्यायच्या आहेत. काही कॅसेटना आत पांढरं काहीतरी आहे. (रत्नागिरी)

आधी व्हीसीआरचा प्लग काढून ठेवा आणि पांढरं असलेली एकही कॅसेट आत घालू नका. ती बुरशी आहे. कोकणातल्या हवेत वीस पावसाळे काढलेल्या कॅसेटना ती धरणारच. अशी एक कॅसेट चालवली की बुरशी व्हीसीआरच्या हेडला, म्हणजे फीत वाचणाऱ्या भागाला, चिकटते आणि पुढची चांगली कॅसेटही नासते.

वर्गवारी अशी करा. कॅसेट हातात धरून खिडकीतून रिळाच्या कडेवर टॉर्चचा उजेड तिरका पाडा. कड काळी, गुळगुळीत, चकचकीत दिसली तर ठीक. पांढरी-राखाडी भुकटी किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर वेगळ्या ढिगात. मग बाजूचं छोटं बटण दाबून पुढची झडप उचला आणि फीत सरळ आहे की चुरगळली आहे ते पाहा. याच वेळी कॅसेटच्या मागच्या कडेवरचा प्लास्टिकचा चौकोनी तुकडा मोडून टाका. तो नसला की चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं तरी शर्यत पुसली जात नाही.

बुरशीचा ढीग हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर आठवडाभर ठेवा. उन्हात घालू नका. पापडांना चालतं ते फितीला चालत नाही, कवच वाकतं आणि फीत ताणते. ओलसर बुरशी चिकट असते, वाळली की भुकटी होते आणि मगच निघते. कॅसेटच्या तळाला पाच स्क्रू असतात. ते काढून, मास्क लावून, घराबाहेर, मऊ ब्रशने रिळांच्या कडा झाडा. बुरशी कडेपुरती असेल तर एवढ्यावर भागतं. फितीच्या थरांमध्ये शिरली असेल तर ती कॅसेट घरी उघडत बसू नका, हे काम करणाऱ्या स्टुडिओला द्या. आणि साफ केलेल्या कॅसेट सगळ्यात शेवटी चालवायच्या, आधी नाही.

चांगल्या कॅसेटही लगेच प्लेला लावू नका. एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वर्षानुवर्षं एका जागी पडून फितीचे थर एकमेकांना धरतात, ताण असमान होतो, त्यामुळे चित्र वरच्या बाजूला वाकतं.

व्हीसीआरचं हेड साफ करायला कापसाचा बोळा हा सगळ्यात वाईट उपाय. त्याचे तंतू हेडच्या बारीक टोकात अडकतात. जाड पांढऱ्या कागदाची पट्टी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवा, गोल ड्रमच्या बाजूला हलकेच टेकवून धरा आणि दुसऱ्या हाताने ड्रम वरून फिरवा. कागद स्थिर, ड्रम फिरता. वर-खाली घासलं की टोक तुटलंच. दहा मिनिटं वाळू द्या.

आता जोडणी. व्हीसीआरला एस-व्हिडिओचं गोल छिद्र असेल तर तेच वापरा. नसेल तर पिवळी पिन चित्राला, पांढरी-लाल आवाजाला. संगणकाच्या बाजूला चित्र उतरवून घेणारं यूएसबी कॅप्चरचं यंत्र लागेल. इथे नव्वद टक्के लोकांचं घोडं अडतं, कारण स्वस्त यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये मुळातच अमेरिकन मापं बसवलेली असतात: ६४० बाय ४८०, सेकंदाला ३० चित्रं. आपली कॅसेट पाल या आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीची आहे. माप ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ चित्रं, आणि ‘इंटरलेस्ड’ ठेवा. यंत्राने वाटेतच इंटरलेसिंग काढायला घेतलं तर ते बंद करा.

शर्यतीच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे. पालचं प्रत्येक चित्र दोन अर्ध्यांत येतं: आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. म्हणजे सेकंदाला प्रत्यक्षात ५० क्षण टिपलेले असतात. बातम्या वाचणाऱ्या निवेदकाच्या चित्रात यातले निम्मे टाकून दिले तरी कळत नाही. ताशी ३०० किलोमीटरची गाडी ५० क्षणांत सरकत जाते, २५ मध्ये उड्या मारत जाते. म्हणून कॅप्चर जसंच्या तसं करा, आणि नंतर एकेका अर्ध्याचं एक पूर्ण चित्र करून ५० चित्रांची फाइल बनवा. एफएफएमपेग या व्हिडिओच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘बीडब्ल्यूडीआयएफ’ हा फिल्टर ते काम नीट करतो. फाइल पाहताना गाडी दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे अशी थरथरत गेली तर समजा अर्ध्यांचा क्रम उलटा लागला. ‘टॉप फील्ड फर्स्ट’ च्या जागी ‘बॉटम’ किंवा त्याउलट करा.

जागेचा हिशोब: डीव्ही प्रकारात तासाला सुमारे १३ जीबी. दोन तासांची शर्यत २६ जीबी. बावीस कॅसेटवर प्रत्येकी तीन तास धरले तर साधारण ८६० जीबी, म्हणजे एक टीबीची डिस्क कामापुरती हवीच. पाहण्यासाठीची अंतिम फाइल एच-२६४ मध्ये ६ एमबीपीएसने केली तर तासाला २.७ जीबी.

दोन गोष्टींनी घाबरून जाऊ नका. चित्राच्या तळाशी आठ-दहा ओळी फाटक्या, हलत्या दिसतील. त्या व्हीएचएसमध्ये नेहमीच असतात. जुना टीव्ही कडा झाकायचा म्हणून दिसत नव्हत्या. त्या काळ्या पट्टीने झाका. दुसरं, तासाभरानंतर आवाज चित्राच्या मागे पडतो. जिथे फितीचा संकेत डळमळतो तिथे कॅप्चर यंत्र चित्रं गाळतं, आवाज मात्र चालूच राहतो. व्हीसीआर आणि कॅप्चर यंत्र यांच्यामध्ये जुना डीव्हीडी रेकॉर्डर नुसता वाटेत जोडला तर त्यातले बरेच रेकॉर्डर संकेत स्थिर करून पुढे देतात. घरात किंवा जुन्या बाजारात मिळाला तर घ्या. कुणी लाँग प्लेवर, म्हणजे जास्त तास मावावेत म्हणून फीत हळू चालवून, रेकॉर्ड केलेलं असेल तर व्हीसीआरमध्ये ती सोय आहे का ते आधी पाहा.

आणि जाहिराती कापू नका. ब्रेकमधल्या जाहिरातींमुळेच पुढे कॅसेटची तारीख लागते. फाइल घरी पाहायला ठेवा. इंटरनेटवर टाकलीत तर हक्क असणारे काढून टाकतील.

मुद्दाम जुनी शर्यत लावली की आवाज अंगावर येतो, आजची शर्यत त्याच टीव्हीवर मिळमिळीत. टीव्हीचा दोष की गाड्यांचा? (ठाणे)

मुख्यतः गाड्यांचा, आणि तो आकड्यात मांडता येतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. व्ही-१० इंजिन मिनिटाला १८,००० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला ३०० फेऱ्या, आणि दर फेरीला ५ स्फोट, म्हणजे सेकंदाला १,५०० स्फोट. २००६ ते २०१३ चं व्ही-८ त्याच गतीला १,२००. २०१४ पासूनचं व्ही-६ टर्बो १२,००० फेऱ्यांना ६००. हार्मोनियमवर १,५०० वरून ६०० वर यायचं तर सप्तकाहून जास्त खाली उतरावं लागेल. आपला कान दोन ते चार हजारांच्या पट्ट्यात सगळ्यात तीक्ष्ण असतो. व्ही-१० चे वरचे सूर नेमके तिथे पडायचे, म्हणून छोट्या स्पीकरच्या जुन्या टीव्हीतूनही ते किंचाळणं कानात घुसायचं.

२०१४ च्या नियमांत मर्यादा १५,००० फेऱ्यांची होती, तरी कुणी तिथवर जात नसे. इंधनाचा प्रवाह १०,५०० फेऱ्यांपासून पुढे ताशी १०० किलोवर अडवलेला होता. इंधन वाढत नसेल तर जास्त फिरवून फक्त घर्षण वाढतं. शिवाय टर्बो हा एक्झॉस्टच्या वाटेतला पंखाच. तो आवाजातली धार खातो.

२००१ ते २००७ च्या शर्यतीत वळणातून बाहेर पडताना ‘टर्रर्र’ असा अडखळता आवाज ऐकू येतो, त्याबद्दलही दोघांनी विचारलं आहे. ते इंजिन बिघडलेलं नाही. चाक घसरायला लागलं की संगणक क्षणभर काही सिलिंडर पेटूच देत नाही. ट्रॅक्शन कंट्रोल म्हणतात ते हेच. २००१ च्या स्पेन शर्यतीपासून त्याला परवानगी मिळाली आणि २००८ मध्ये सगळ्यांना एकच ठरावीक संगणक देऊन ते बंद केलं. कॅसेटवर वर्ष लिहिलेलं नसेल तर हा आवाज चांगला साक्षीदार आहे.

टीव्हीचा दोष असेल तर एवढाच: सेटिंगमध्ये ‘स्पीच’, ‘क्लिअर व्हॉइस’ किंवा ‘नाइट मोड’ चालू असेल तर तो निवेदक वर काढतो आणि इंजिन दाबतो. ते बंद करून ‘स्टँडर्ड’ वर ठेवा.

गाड्यांखालून ठिणग्यांचा फवारा उडायचा, मग मधली कित्येक वर्षं दिसला नाही, आता परत दिसतो. (पणजी)

ठिणग्या टायटॅनियमच्या. गाडीचा तळ जमिनीच्या जितका जवळ तितकी पकड जास्त, म्हणून ऐंशीच्या दशकात संघ गाडी जमिनीला टेकवूनच चालवत आणि तळ वाचवायला धातूचे ठोकळे लावत. १९८४ ते १९९३ मध्ये शर्यतीत इंधन भरायला बंदी होती. सुरुवातीला टाकी पूर्ण भरलेली, गाडी खाली बसलेली, म्हणून पहिल्या फेऱ्यांत फवारा सगळ्यात मोठा.

१९९४ च्या जर्मनी शर्यतीपासून तळाखाली १० मिलिमीटर जाडीची लाकडी फळी सक्तीची झाली. शर्यत संपल्यावर ती किमान ९ मिलिमीटर भरली पाहिजे. फार झिजली म्हणजे गाडी फार खाली धावली. लागलीच बेल्जियममध्ये मिशाएल शूमाकर जिंकूनही फळी झिजल्यामुळे बाद झाला आणि विजय हिलला गेला. २०२३ मध्ये ऑस्टिनला हॅमिल्टन आणि लक्लेर याच मिलिमीटरने बाद झाले. फळी वाचवायला संघांनी जड धातूच्या पट्ट्या बसवल्या, त्यातून ठिणग्या फारशा उडत नव्हत्या. त्यांचे तुकडे सुटून मागच्या गाडीचे टायर कापले जायला लागले, म्हणून २०१५ पासून टायटॅनियम सक्तीचं झालं. टायटॅनियम लवकर झिजतं आणि झिजताना पेटतं. टीव्हीसाठी ही सोयच झाली, हे आयोजकांनी लपवलेलं नाही.

१९९७ च्या शेवटच्या शर्यतीत तिघांची वेळ अगदी सारखी आली होती असं आठवतं. हा टीव्हीच्या आकड्यांचा घोळ होता? (पुणे)

नाही. स्पेनमधलं हेरेथ, पात्रता फेरी: जाक व्हिलनव्ह, मिशाएल शूमाकर, हाइन्झ-हॅराल्ड फ्रेंटझन, तिघांचीही वेळ १ मिनिट २१.०७२ सेकंद. वेळ सारखी असेल तर आधी नोंदवणारा पुढे, म्हणून क्रम व्हिलनव्ह, शूमाकर, फ्रेंटझन. ट्रॅक ४.४२८ किलोमीटरचा होता. त्या वेगाने एक हजारांश सेकंदात गाडी साडेपाच सेंटिमीटर जाते. म्हणजे पूर्ण फेरी मारून तिघांत बोटभर लांबीचाही फरक घड्याळाला दिसला नाही.

प्रत्यक्ष ट्रॅकवर गाडी दिसते न दिसते तोवर निघून जाते. टीव्हीवर तीच गाडी रमतगमत येते. असं का? (दुबई)

सरळ रस्त्याच्या टोकाला, समोरून येणाऱ्या गाडीकडे लांब भिंगाचा कॅमेरा लावलेला असतो. गाडी ८०० मीटरवर आहे आणि ताशी ३०० ने येते आहे असं धरा. सेकंदात ती ८३ मीटर कापते, तरी पडद्यावर तिचा आकार जेमतेम नवव्या हिश्शाने वाढतो. डोळ्याला वेग जाणवतो तो आकार किंवा जागा किती झपाट्याने बदलते त्यावरून, त्यामुळे गाडी जागच्या जागी तरंगल्यासारखी वाटते. हेच चित्र दहा मीटरवरच्या कॅमेऱ्यातून आडवं घेतलं तर तुम्ही स्टँडवरून पाहिलं तसं दिसेल, पण त्यात गाडीवरचं जाहिरातदाराचं नाव वाचता येत नाही. आता लांब भिंग जास्त का वापरतात ते तुम्हीच ओळखा.

चालकाच्या डोक्यावरचा कॅमेरा जमिनीपासून जेमतेम मीटरभर उंच आणि रुंद भिंगाचा, म्हणून कडेची भिंत सपासप मागे जाते. शर्यतीत असा कॅमेरा पहिल्यांदा १९८५ च्या जर्मनी शर्यतीत, नुरबुर्गरिंगवर फ्रांस्वा एनोच्या रेनोवर बसवला होता. मोनॅकोचं चित्रण कित्येक वर्षं इतरांपेक्षा वेगळं वाटायचं, त्याचं कारण तिथलं दिग्दर्शन २०२२ पर्यंत स्थानिक मंडळी करत. २०२१ मध्ये फेटल आणि गास्ली चढावर चाकाला चाक लावून झुंजत असताना त्यांनी लान्स स्ट्रोलचा रिप्ले लावला होता. पुढच्या काही वर्षांत ते काम त्यांच्या हातून गेलं, याचं फार कुणाला वाईट वाटलं असेल असं वाटत नाही.

मुलगी नऊ वर्षांची. माझ्यासारखी तिलाही गोडी लागावी असं वाटतं, पण दहा मिनिटांत उठून जाते. (कोल्हापूर)

शर्यतीपासून सुरुवात करू नका. ती ३०५ किलोमीटरची, दीड ते दोन तासांची, आणि मधला तास हा टायरच्या हिशोबाचा असतो. शनिवारची पात्रता फेरी दाखवा. तासाभरात संपते, पहिला टप्पा १८ मिनिटांचा, प्रत्येक टप्प्याला सगळ्यात हळू गाड्या गळतात, शेवटी दहा उरतात. कोण गळणार हे मुलं आपोआप मोजायला लागतात. रविवारी मग सुरुवातीच्या पाच फेऱ्या आणि शेवटच्या दहा. मधल्या वेळात ती उठून गेली तर जाऊ द्या.

तिला दोन खुणा शिकवा, बाकी ती स्वतः शिकेल. एका संघाच्या दोन गाड्या सारख्या दिसतात. चालकाच्या डोक्यामागचा टी आकाराचा कॅमेरा एकीवर काळा, दुसरीवर झगझगीत पिवळा असतो. आणि टायरच्या कडेचा रंग: लाल म्हणजे मऊ, पिवळा मध्यम, पांढरा कडक, हिरवा थोड्या पावसाचा, निळा धो-धो पावसाचा. मऊ टायर वेगवान पण लवकर संपतो. कोरड्या शर्यतीत किमान दोन वेगळे प्रकार वापरावेच लागतात. एवढं कळलं की लाल कड्याची गाडी मागून येताना पाहून ती तुम्हाला हाक मारेल.

मोटोजीपी ही मोटारसायकलींची शर्यत असेल तर तीही दाखवा. पाऊण तासात संपते आणि कोण पुढे ते न सांगता कळतं. मोटारींतच मुली हव्या असतील तर एफ-१ अकादमी ही २०२३ मध्ये सुरू झालेली फक्त मुलींची मालिका आहे. तिच्या शर्यती अर्ध्या तासाच्या आसपास असतात.

भारतात फॉर्म्युला वन २०२२ पर्यंत स्टारवर दिसायचं, २०२४ मध्ये ते फॅनकोडवर आलं. इंटरनेटवरचं चित्र प्रत्यक्षापेक्षा अर्धा मिनिट तरी मागे असतं, तेव्हा शर्यत सुरू असताना फोन उलटा ठेवा, नाहीतर मित्राचा मेसेज आधी येतो.

तुमच्या कोल्हापुरातच कार्टिंगचा ट्रॅक आहे. पडद्यावरच्या दहा शर्यतींपेक्षा तिथल्या दहा फेऱ्या जास्त शिकवतील: ब्रेक वळणाच्या आत नाही, आधी मारायचा, हे पोटात गोळा आला की एकदाच कळतं. उंची पुरते का ते आधी विचारा, पाय पेडलपर्यंत टेकायला हवेत. चेहरा पूर्ण झाकणारं हेल्मेट तिच्या मापाचं हवं, डोकं हलवलं तर हेल्मेट त्याच्याबरोबर हललं पाहिजे. केस घट्ट बांधून हेल्मेटच्या किंवा शर्टाच्या आत, ओढणी-स्कार्फ घरी, बुटाची नाडी आत खोचलेली. कार्टचा मागचा आस उघडा फिरत असतो आणि सैल केस किंवा कापड त्यात गुंडाळलं की थांबवायला वेळच मिळत नाही. ट्रॅकवरच्या माणसाने हे तपासलं नाही तर स्वतः तपासा, आणि मगच बसवा.